पिंजरा, परवाना आणि दप्तर



 विषय निवडण्याची मोकळीक या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिली होती, आणि ‘परदेशी वन्य प्राण्यांची मालकी, त्यांचा व्यापार व कायदा’ हा विषय मी कळविला तेव्हा त्यांच्या उत्तरात सौजन्याबरोबरच किंचित विस्मयही मला जाणवला. तो स्वाभाविक आहे. ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयाची, शिक्षणाची, सहकाराची चर्चा झाली, तेथे मकाव, अजगर आणि इग्वाना यांचे काय काम? परंतु माणसाच्या खाजगी हौसेत कायद्याने कोठवर हात घालावा, सजीवावर माणसाची जी मालकी असते ती नेमकी कसली, आणि एखादी वस्तू आपल्याकडे न्याय्य मार्गाने आली हे सिद्ध करण्याचा भार कोणी वाहावा, हे प्रश्न केवळ प्राण्यांचे नव्हेत. ते न्यायाचे प्रश्न आहेत, आणि पोपटाच्या पिंजऱ्यापाशी उभे राहिले म्हणजे ते जितके उघडे दिसतात तितके न्यायशास्त्राच्या ग्रंथांतूनही दिसत नाहीत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. दूरदेशीचे प्राणी घरी आणून ठेवण्याची हौस पश्चिमेकडून हल्लीच आली असे मानणारे पुष्कळ लोक आहेत. इतिहास तसे सांगत नाही. १६१२ साली जहांगीर बादशहाने मुकर्रबखान नावाच्या आपल्या सरदाराला गोव्यास पाठविले, आणि फिरंग्यांकडून जे जे अपूर्व मिळेल ते किमतीची पर्वा न करता खरेदी करण्याची मुभा त्याला दिली. त्या खरेदीत आलेला टर्की नावाचा अमेरिकेतील पक्षी पाहून बादशहा इतका चकित झाला की त्याने त्याचे वर्णन आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आणि चित्रकारांकडून त्याचे चित्रही काढवून घेतले. पुढे १६२१ साली दरबारात झेब्रा आला, तेव्हा त्याच्या अंगावरचे पट्टे रंगवलेले तर नाहीत ना, याची म्हणे खातरजमा करून घ्यावी लागली! आपल्या पुण्यातच पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यातील गेंड्याचे गंगाराम तांबट यांनी १७९० च्या सुमारास काढलेले चित्र आजही विद्यमान आहे. आणि हिंदुस्थानातील चित्ता दुर्मिळ होत गेला तेव्हा कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी शिकारीसाठी थेट आफ्रिकेतून चित्ते आणवून चित्तेखाने चालू ठेवले. तेव्हा ही हौस आपल्याकडे मुरलेली आहे. फरक पडला तो एवढाच की एके काळी ती बादशहांना व संस्थानिकांनाच परवडत असे, आणि आता विमानाच्या एका तिकिटात ती कोणासही परवडू लागली आहे.

हा फरक लहान नाही. राजाच्या शिकारखान्यातील प्राणी साऱ्या नगरीस ठाऊक असे. त्याचा खुराक दप्तरात नोंदला जाई, त्याच्या देखभालीसाठी माणसे नेमलेली असत, आणि तो मेला तर तेही कोणीतरी लिहून ठेवी. इमारतीच्या सातव्या मजल्यावरील एखाद्या सदनिकेत काचेच्या पेटीमध्ये वेटोळे घालून बसलेला आफ्रिकेतील अजगर मात्र शेजाऱ्यालाही ठाऊक नसतो, मग सरकारला कोठून असणार? आजचे माझे सारे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. बंदी की मुभा, असा वाद आपण घालत बसतो. मला वाटते, खरा वाद नोंदीचा आहे. हा प्राणी कोठून आला, कोणाकडून आला, कोणत्या जोडीपासून जन्मला, आणि हे सांगण्याची जबाबदारी कोणाची?

आता कायद्याकडे वळू. आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या कायद्यातील खरी गंमत, गंमत हा शब्द येथे खेदाने वापरतो आहे, या भागातच दडलेली आहे. १९७२ साली आपल्या संसदेने वन्यजीव संरक्षण कायदा केला. तो अनेक अर्थांनी दूरदर्शी कायदा होता. परंतु त्याची सारी रचना परिशिष्टांवर उभी होती, आणि त्या परिशिष्टांत होते ते या देशातील प्राणी. ब्राझीलचा मकाव, घानाचा करडा पोपट, मेक्सिकोचा इग्वाना हे त्या कायद्याच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नव्हते. १९७६ साली भारत ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. संकटग्रस्त जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवण्यासाठी १९७३ साली वॉशिंग्टन येथे झालेला हा करार. त्यामुळे परदेशी प्राण्याची आयात करताना सीमेवर कागद मागता येऊ लागले. पण तो प्राणी एकदा सीमा ओलांडून आत आला म्हणजे? मग त्याला विचारणारे कोणी नव्हते.

याच्या उलट देशी पक्ष्यांचे पाहा. १९९१ च्या दुरुस्तीने भारतीय पक्ष्यांचा व्यापार सरसकट बंद झाला. हेतू उत्तम होता, आणि त्या बंदीने लाखो मुनिया, पोपट, मैना यांचे जाळ्यात सापडणे काही अंशी तरी कमी झाले असेल, याविषयी मला शंका नाही. पण पिंजरे काही रिकामे राहिले नाहीत. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहराच्या पक्षीविक्रेत्यांच्या गल्लीत, राघूची जागा हळूहळू लव्हबर्डने घेतली, मुनियाची जागा बजरीने घेतली, आणि ज्याच्या खिशात अधिक पैसे त्याच्यासाठी काकाकुवा, आफ्रिकन ग्रे म्हणजे करडा पोपट आणि मकाव मागच्या खोलीतून पुढे येऊ लागले. मागणी तीच, दुकान तेच, पिंजराही बहुधा तोच. फक्त पिंजऱ्यातील पक्ष्याचे राष्ट्रीयत्व बदलले. एका मालावर बंदी आली की व्यापारी दुसऱ्या मालाकडे वळतो. हे व्यापाराचे ज्ञान आपल्या कायदेकर्त्यांना कापसाच्या व साखरेच्या बाबतीत पुरेपूर असते. पक्ष्यांच्या बाबतीत ते त्यांना तेव्हा सुचले नाही.

आणि आता सिद्धतेच्या भाराचा मुद्दा. वन्यजीव कायद्याचे ५७ वे कलम असे की, संरक्षित प्राणी एखाद्याच्या ताब्यात आढळला तर तो ताबा बेकायदेशीर आहे असे गृहीत धरावयाचे. तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करणे ही ताबेदाराची जबाबदारी. परंतु परदेशी पक्षी त्या कायद्यात नव्हता, म्हणून त्याला कस्टम कायदा लागू होई. त्या कायद्याच्या १२३ व्या कलमात सोने, घड्याळे व सरकारने जाहीर केलेला आणखी काही माल यांच्यापुरता भार ताबेदारावर टाकलेला आहे. परदेशी पक्षी त्या यादीत नव्हते. म्हणजे व्यवहारात काय झाले? रस्त्यावरच्या ज्योतिषाच्या पिंजऱ्यातील चिठ्ठी उचलणारा गरीब राघू सापडला तर ज्योतिषाने निर्दोषत्व सिद्ध करावे. आणि एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात लाखो रुपयांचा मकाव सापडला तर तो चोरट्या मार्गाने आला हे सरकारने सिद्ध करावे! सरकारने ते कसे सिद्ध करावे? मकाव स्वतः साक्ष देत नाही. दुकानदार म्हणे, ‘हे येथेच अंड्यातून निघालेले पिल्लू’. झाले, प्रकरण निकालात निघे. अशी प्रकरणे न्यायाधिकरणांपुढे गेली, आणि सिद्धतेचा भार खात्यावरच आहे असे म्हणून जप्त केलेले पक्षी मालकास परत द्यावे लागले. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. कायदा जसा लिहिलेला होता तसाच त्यांनी तो वाचला.

श्रोतेहो, निर्बंधांना विरोध करणाऱ्यांची बाजू मी येथे प्रामाणिकपणे मांडली नाही तर या व्याख्यानमालेच्या परंपरेशी तो द्रोह होईल. त्यांचे काही म्हणणे खरोखर वजनदार आहे. ते म्हणतात, जो माणूस पहाटे उठून पोपटाच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पिचकारीने कोमट पेज भरवतो, त्याला तुम्ही तस्करांच्या पंक्तीस बसवता हा कोठला न्याय? ते म्हणतात, एखादी जात नष्ट होऊ घातली तेव्हा ती अनेकदा सरकारने नव्हे, खाजगी हौशी माणसाने वाचविली आहे. आणि इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. चीनमधील पेर डेव्हिडचे हरीण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मायदेशी नामशेष होत होते. युरोपातील प्राणिसंग्रहालयांत विखुरलेले अठरा नग इंग्लंडमधील बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या वोबर्न येथील बागेत गोळा केले, त्यांची पैदास केली, आणि १९८५ साली त्याच कळपाचे वंशज बीजिंगला परत पाठविण्यात आले. आज जगात त्या जातीचे जे जे हरीण आहे ते त्या अठरांचे वंशज. ब्राझीलच्या स्पिक्सच्या निळ्या मकावचा रानातील शेवटचा ज्ञात पक्षी २००० साली दिसेनासा झाला, आणि २०२२ मध्ये जे पक्षी पुन्हा त्या रानात सोडण्यात आले ते पिंजऱ्यांत वाढलेल्या पक्ष्यांपासूनच झालेले होते. हे नाकारून कसे चालेल?

मी ते नाकारीत नाही. पण त्या दोन्ही उदाहरणांत यशाचे कारण काय होते, ते नीट पाहावे. ती हरणे अठराच होती आणि आजचा कळप त्यांचाच वंश, हे आपण सांगू शकतो ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणूनच. स्पिक्स मकावच्या बाबतीत तर प्रत्येक पक्ष्याची वंशावळ वहीत नोंदलेली होती. खाजगी मालकीने जाती वाचल्या त्या नोंदी ठेवणाऱ्या मालकीने वाचल्या. गल्लीतल्या विक्रेत्याकडून रोखीने, पावतीविना, शर्टाखाली लपवून नेलेल्या पोपटाने कोणत्याही जातीचे रक्षण होत नाही. आफ्रिकन ग्रे पोपटाला २०१६ साली जोहान्सबर्ग येथील परिषदेत साइटीसच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात घालावे लागले. का? तो जगभर इतका आवडता होता म्हणून. घाना देशातील अरण्यांतून तो जवळजवळ दिसेनासा झाला होता. प्रेमाने वाचवावे तसे प्रेमाने संपविताही येते.

मालकीहक्काचे म्हणणे मी थोडक्यात घेतो, कारण त्याचे उत्तरही थोडक्यात देण्यासारखे आहे. ‘माझ्या पैशांनी घेतलेली वस्तू मी कशी ठेवावी हे सरकारने का सांगावे?’ पण अमेरिकेतील ओहायो राज्यात १८ ऑक्टोबर २०११ रोजी झेन्सव्हिल गावाजवळ काय झाले? एका मालकाने आपल्याकडील छप्पन्नपैकी बहुतेक प्राण्यांचे पिंजरे उघडले आणि आत्महत्या केली. त्यांत १८ वाघ होते, १७ सिंह होते. अंधार पडत होता, शाळा-घरे जवळ होती, भुलीचे औषध पुरेसे नव्हते. पोलिसांना रात्रभर बंदुका चालवाव्या लागल्या आणि पहाटेपर्यंत जवळजवळ सारे प्राणी मरून पडले. ज्या राज्यात कुत्र्याला परवाना लागे त्या राज्यात वाघाला जवळपास काहीच लागत नव्हते. दुसऱ्याच वर्षी ओहायोने कायदा केला. साऱ्या अमेरिकेसाठी मोठ्या मार्जारकुळातील प्राण्यांच्या खाजगी मालकीविरुद्धचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. मालकाचा हक्क मालकाच्या घराबरोबर संपतो. वाघ मात्र त्या घरातच थांबेल याची हमी कोणी देत नाही.

रोगांविषयी एकच उदाहरण. २००३ साली घानाहून टेक्सासला पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी आलेले मोठे उंदीर आणि अमेरिकेतील प्रेअरी डॉग हे प्राणी विक्रेत्याकडे शेजारी-शेजारी ठेवले गेले. त्यातून पसरलेल्या संसर्गाने अमेरिकेच्या सहा राज्यांत चाळीसच्यावर माणसे मंकीपॉक्सने आजारी पडली. त्यांतील अनेकांनी घरी हौसेने नवा प्राणी आणला होता, एवढाच त्यांचा अपराध.

परंतु मला अधिक बोलावयाचे आहे ते परिसराविषयी, कारण हा विषय आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचला आहे. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या एका गृहस्थाने, शंखशिंपल्यांचे ते मोठे जाणकार होते, मॉरिशसहून काही जिवंत आफ्रिकी गोगलगायी कलकत्त्यास आणल्या आणि चौरंगीच्या एका बागेत सोडल्या. हौस निरागस होती. त्यांना शास्त्राची आवड होती, गोगलगायींवर प्रेम होते. आणि २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत सोयाबीन नुकते दोन पानांवर आले असताना त्याच जातीच्या गोगलगायींनी रात्रीतून ओळीच्या ओळी कुरतडून फस्त केल्या. शेतकरी कंदील-विजेऱ्या घेऊन रात्री रानात जाऊन त्या बादल्यांत वेचीत होते, मिठाच्या पाण्यात टाकीत होते, आणि तरी दुबार पेरणीची वेळ आली. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका हौसेची वसुली मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या वावरातून झाली. आपल्याकडच्या ‘सकर’ माशाचेही तेच. घरातील काचेच्या टाकीत शेवाळ खातो म्हणून आणलेला हा खवल्या-काट्यांचा मासा टाकीत मावेनासा झाला की लोक भूतदया म्हणून त्याला नदीत सोडून देतात. मग उजनीच्या जलाशयात कोळ्याच्या जाळ्यात मरळ, कटला यांच्याऐवजी हाच अडकतो, जाळे फाडतो आणि बाजारात त्याला कवडीची किंमत येत नाही. ही देवाणघेवाण एकतर्फी आहे असेही समजू नका. आपली साळुंकी १८६२ साली ऑस्ट्रेलियाने मोठ्या विश्वासाने नेली, आणि तेथे ती आज उपद्रवी पाखरू म्हणून ओळखली जाते. लंडनच्या बागांत आपला राघू थव्याथव्याने ओरडतो आहे. इंग्रजांनी आपल्याकडून नेलेल्यांपैकी हीच एक गोष्ट ते परत देऊ इच्छितात, असे मी एकदा गमतीने ऐकले होते.

मग करावे काय? सरसकट बंदी?

बंदीचा मोह मला समजतो. पण १९९१ चा अनुभव आपल्यापुढे आहे. ज्या गोष्टीची मोजदाद नाही तिच्यावर घातलेली बंदी ही केवळ फर्मानाच्या कागदावर राहते. युरोपातील काही देशांनी दुसरी वाट धरली आहे, आणि ती मला अधिक शहाणपणाची वाटते. बेल्जियमने सस्तन प्राण्यांची एक यादी केली, आणि असे म्हटले की या बेचाळीस जाती घरी ठेवता येतील. यादीबाहेरची कोणतीही जात ठेवावयाची असेल तर अर्ज करा आणि ती ठेवण्यास हरकत का नाही हे पटवून द्या. व्यापाऱ्यांच्या संघटनेने याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे गेले. २००८ साली न्यायालयाने सांगितले, यादी वस्तुनिष्ठ कसोट्यांवर आधारलेली असेल आणि तीत भर घालण्याचा मार्ग उघडा असेल तर अशी यादी करता येते. नेदरलँड्सने १ जुलै २०२४ पासून तीस जातींची अशीच यादी अमलात आणली. तत्त्व लक्षात घ्या. आपल्याकडील कायदा म्हणतो, ‘जे निषिद्ध म्हणून लिहिले नाही ते सर्व मोकळे.’ तेथील कायदा म्हणतो, ‘जे मोकळे म्हणून लिहिले आहे तेवढेच मोकळे.’ पहिल्या पद्धतीत कायदेकर्ता सदैव व्यापाऱ्याच्या मागे धावत राहतो. जंगलात जाती हजारो, आणि कारकून एक.

आता आपल्या नव्या कायद्याकडे येतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने एक योजना जाहीर केली: ज्यांच्याकडे साइटीसच्या यादीतील परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत ते स्वखुशीने जाहीर करावेत, कागदपत्रे विचारली जाणार नाहीत. पुष्कळ प्राणिमित्रांनी यावर टीका केली की ही चोरीच्या मालाला दिलेली माफी आहे. टीकेत तथ्य आहे. तरीही मी म्हणेन की, जेथे पन्नास वर्षे वहीच नव्हती तेथे वहीचे पहिले पान कोणत्यातरी दिवशी लिहावेच लागते, आणि त्या दिवशी जुन्या पापांची विचारणा केली तर वही कोरीच राहते. मात्र अशी माफी एकदाच शोभते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मुदत वाढू लागली की तस्कर मुदतीचीच वाट पाहत बसतो.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने मूळ कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. सहा परिशिष्टांची चार झाली, आणि चौथ्या परिशिष्टात साइटीसच्या यादीतील प्राणी प्रथमच आपल्या कायद्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले: असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने ‘परिवेश’ या संगणकीय दप्तरात नोंद करावी, प्रमाणपत्र घ्यावे, पिल्लू झाले, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावे. साइटीसच्या पहिल्या परिशिष्टातील जातींची पैदास करणाऱ्याने त्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा. त्या दुरुस्तीने दंडाची रक्कमही वाढली. सामान्य गुन्ह्यास जास्तीत जास्त पंचवीस हजार होती ती एक लाख झाली. (जाता जाता सांगतो, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास कमाल दंड अजूनही पन्नास रुपये आहे. पन्नास रुपयांत आज बजरीचा आठवड्याचा दाणाही येत नाही.)

ही नोंद केवळ कागदी ठरू नये यासाठी काय लागते, ते एका लहानशा वस्तूवरून सांगतो. पोपटाच्या पायात जी धातूची रिंग असते ती आपण पाहिली असेल. प्रामाणिक पैदासदार पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे असताना त्याच्या पायाची बोटे एकत्र जुळवून त्यांवरून एक अखंड, बिनसांध्याची रिंग सरकवतो, आणि मागे राहिलेले आखूड बोट हलकेच तिच्यातून बाहेर काढून घेतो. दहा-बारा दिवस उशीर झाला की ती रिंग त्या पायात कधीच जाणार नाही, आणि एकदा गेली की पाय जाड झाल्यावर ती निघणारही नाही. म्हणून मोठ्या पक्ष्याच्या पायातील अखंड रिंग सांगते की, हा पक्षी पिल्लू असताना माणसाच्या हातात होता. रिंगवर क्रमांक आणि साल कोरलेले असते. जंगलातून पकडलेल्या मोठ्या पक्ष्याला मात्र फटीची रिंग घालून ती दाबून बसवावी लागते, आणि सांध्यावरून नख फिरवले तर ती फट लागते. ज्याला फसवावयाचे तो अर्थात यातूनही वाट काढतो: मोठ्या मापाची रिंग जोर करून चढवतो, मेलेल्या पक्ष्याची रिंग जिवंताच्या नावावर चालवतो. म्हणूनच मृत्यूची नोंद जन्माच्या नोंदीइतकीच महत्त्वाची. जो मालक पक्षी मेल्याचे कळवीत नाही त्याच्या घरात तो कागदोपत्री जिवंत राहतो, आणि उद्या त्याच नावाने एखादा अरण्यातून पकडलेला पक्षी त्याच्या पिंजऱ्यात येऊन बसतो.

हा नवा कायदा पुरेसा आहे काय? माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण कांगारू आहे. हसू नका. २०२२ च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात, गजलडोब्याच्या परिसरात, लोकांना रस्त्यालगत कांगारू दिसले. वनखात्याच्या माणसांनी ते ताब्यात घेतले. त्याच सुमारास शेजारच्या आलिपुरद्वारातही एक सापडला होता. ते कोठून निघाले, कोणाकडे चालले होते, कोणी रस्त्यात सोडले? अशा वेळी बंगालच्या वनाधिकाऱ्याने कोणते कलम लावावे? मोठे कांगारू साइटीसच्या कोणत्याही परिशिष्टात नाहीत, कारण ऑस्ट्रेलियात ते विपुल आहेत. आपल्या चौथ्या परिशिष्टात साइटीसचेच प्राणी येतात. म्हणजे कांगारू आजही आमच्या वन्यजीव कायद्याच्या दाराबाहेर उभा आहे. पुण्या-मुंबईत खिशात घालून फिरविण्याची फॅशन झालेला शुगर ग्लायडर हा चिमुकला प्राणीही दाराबाहेर. बजरी, कोकाटिल हेही बाहेरच, पण त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले हे पक्षी कोंबड्यांच्या जातीतच जमा आहेत. साइटीसचा प्रश्न एकच: व्यापाराने ही जात नष्ट होईल काय? आमचे प्रश्न अधिक आहेत. ही जात आमच्या शेतात सुटली तर? चावली तर? रोग आणला तर? आणि ती स्वतः आमच्या दिवाणखान्यात जगू शकते काय? आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षे जगतो, थव्यात राहणारा पक्षी आहे, आणि एकटा ठेवला तर स्वतःच्या छातीची पिसे उपटून काढतो. मुलाच्या हट्टाखातर आणलेला असा पक्षी त्या मुलाच्या निवृत्तीपर्यंत घरात असू शकतो, हे विकणारा सांगत नाही.

सीमेवरची अवस्थाही आपण वाचतोच. मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या सामानातून साप, कासवे, माकडे, पक्षी निघणे हे आता वारंवार घडते. २०२५ च्या जूनमध्ये एका प्रवाशाच्या सामानात इंडोनेशियातील घोणसांच्या कुळातले विषारी साप निघाले, चाळीसच्या वर! कापडी पिशव्यांत, खेळण्यांच्या डब्यांत, मोज्यांत कोंबलेले हे जीव बरेचदा अर्धमेले असतात, आणि पंचनामा उरकून त्यांना पुढच्या विमानाने परत पाठविले जाते. सीमेवरील अधिकारी आपले काम करतात. पण प्रवाशाने ते कोणासाठी आणले? मुंबईत कोणीतरी ते मागविले होते. जोवर मागविणाऱ्याच्या दारात कोणी वही घेऊन जात नाही, तोवर विमानतळावरील कस्टमच्या शिपायाने पेट्या उघडीतच राहावयाचे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जे आपण घरी ठेवू देऊ त्या परदेशी जातींची यादी आपल्या सरकारने करावी, आणि ज्याला तीत एखाद्या जातीचे नाव घालून घ्यावयाचे असेल त्याने आपली कारणे पुढे आणावीत. नोंदीचे काम आधीच अरण्ये सांभाळता सांभाळता मेटाकुटीस आलेल्या वनरक्षकावर न टाकता महानगरपालिकांच्या व जिल्ह्यांच्या पशुवैद्यकांकडे सोपवावे. आणि जप्त केलेल्या प्राण्यांसाठी सरकारी खर्चाने चालणारी जागा प्रत्येक महसूल विभागात असावी, नाहीतर जप्ती हा शिक्षेचा एक प्रकार होतो, आणि ती शिक्षा प्राण्याला होते.

आणि आपणा सर्वांना एक विनंती. या सभागृहात, किंवा आपल्या नातेवाइकांत, कोणाकडे मकाव असेल, ग्रे असेल, इग्वाना किंवा अजगर असेल, तर परिवेशवर त्याची नोंद झाली आहे काय ते आज घरी गेल्यावर पाहावे. नसेल तर वनखात्याकडे चौकशी करून ती करून घ्यावी. आणि ज्यांना नवा पक्षी घ्यावयाचा आहे त्यांनी दुकानदाराला किंमत नंतर विचारावी. आधी प्रमाणपत्र मागावे, रिंग हातात धरून तिच्यावरील क्रमांक त्या कागदाशी ताडून पाहावा, सांधा आहे का ते नखाने चाचपावे. आणि कागद नसेल तर पिल्लू कितीही गोजिरवाणे असो, रिकाम्या हाताने घरी यावे.